म्यूटेलची शेवटची ओळ

रिटायर झाल्यावर लोक बायकोला काशीला नेतात. आमच्या ह्यांनी म्यूटेल नावाचा जर्मन माणूस घरी आणला, तोही मरून दोनशे वर्षं झालेला.

योहान गॉटफ्रीड म्यूटेल. संगीतकार, थोर बाखच्या अगदी शेवटच्या शिष्यांपैकी एक, पुढे रिगा शहरात राहिला. लिहिलं थोडंच, कारण मनातून आल्याशिवाय स्वारी कागदाला हात लावायची नाही. आणि म्हणतात, लोकांसमोर वाजवायचा तो हिवाळ्यात, रस्त्यावर बर्फ साचल्यावर. घोडागाड्यांचा खडखडाट नको म्हणून. "काय नखरे तरी!" मी म्हणायचे. ह्यांचा मात्र त्या माणसावर भारी जीव.

त्याच्यासाठी ह्यांनी तीन वर्षांपूर्वी किट मागवून इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या आमच्या बेसमेंटमध्ये स्वतःच्या हातांनी क्लॅव्हिकॉर्ड जोडलं. पियानोच्या आधीच्या काळातलं वाद्य. दिसायला लांबट पेटी आणि आवाज इतका हळू, की शेजारी कोणी पापड मोडला तर बुडून जाईल.

रोज संध्याकाळी पाचला मी चहा घेऊन शेजारच्या खुर्चीत बसायचे. खरं सांगते, मला त्यातला एक स्वरही ऐकू येत नव्हता. कान आधीच गेले होते. मोठ्याने बोललेलं समजायचं, बाकी ओठांवरून भागवायचे, आणि कबूल करायला जीभ रेटत नव्हती. पण पुण्यात मैफिली ऐकत वाढलेल्या बाईला दाद कुठे द्यायची हे शिकवावं लागत नाही. बोटं चढत गेली की मान हलवायची, स्थिरावली की "वा!", आणि हात मांडीवर आले की "आज फारच छान हं." हे नुसते हसायचे.

शेवटी आमची लेक रेणूच फेब्रुवारीत येऊन थडकली. "आई, इनफ! अपॉइंटमेंट घेतलीय. कॅन्सल करायची नाही."

कानात मशीन आलं. मी ते केसांखाली दडवलं आणि ह्यांना सांगितलं नाही. रेणू परत गेली. ह्यांना ऐकणारी मी एकटी. तीच इतकी वर्षं खोटी दाद देत होती हे कळलं, तर हा माणूस पुन्हा त्या पेटीला हात लावेल का?

दोनच दिवसांनी, प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीच्या सोमवारी, गुडघ्याच्या वर बर्फ पडला. रस्त्यावर एक गाडी नाही. हे बेसमेंटच्या छोट्या खिडकीतून बघत म्हणाले, "अहिल्या, आज म्यूटेलचा दिवस आहे."

ते वाजवू लागले आणि मला ऐकू आलं. बारीक, जवळचा आवाज. पट्टी दाबून बोट हलवलं की स्वर थरथरायचा, रडून झाल्यावर बोलणाऱ्या माणसासारखा. मी मान हलवायची विसरले. इतकं सुंदर वाजवतो हा माणूस, आणि मी चहा पीत बसले होते!

शेवटच्या ओळीला आवाज थांबला. मला वाटलं, बॅटरी गेली. पण घड्याळाची टिकटिक येत होती, ह्यांचा श्वासही येत होता. बोटं मात्र पट्ट्यांच्या वर, हवेतच धावत होती. मग हात मांडीवर आले आणि हे नेहमीसारखे माझ्याकडे बघत थांबले.

"अहो," मी म्हटलं, "शेवटची ओळ कुठे गेली?"

ह्यांचा चेहरा उतरला. मग केसांआडून त्यांना माझ्या कानातलं मशीन दिसलं.

"ऐकू आलं तुला?"

"आज पहिल्यांदा."

"करंगळी उठत नाही गं, दीड वर्ष झालं. त्या ओळीत तिच्याशिवाय भागत नाही. तुला ऐकू येत नाही हे ठाऊक होतं, म्हणून ती ओळ हवेतच पुरी करायचो." हे खाली बघत म्हणाले. "पण तू वा म्हणायचीस ना, ते ऐकल्याशिवाय मला पेटीवरून उठवायचं नाही."

भांडायला हवं होतं. मला रडू आलं. मी खुर्ची ओढून पेटीशी नेली.

"करंगळीच्या पट्ट्या दाखवा. त्या मी दाबते."

आम्ही ती ओळ वाजवली. दहादा अडखळलो, दोनदा माझं बोट भलतीकडेच गेलं. शेवटचा स्वर माझ्या बोटाखाली थरथरला आणि विरला.

"वा," हे हळूच म्हणाले. मला ते ऐकू आलं.