गाळलेलं पाणी

मावशी कालवांची पिल्लं वाढवायची. पिल्लं म्हणजे टाकीत भिरभिरणारे जिवंत ठिपके, आणि त्यांचं जेवण त्यांच्याहूनही बारीक. उंच काचेच्या बरण्यांत वाढवलेलं तपकिरी शेवाळ! भाचीला सगळे टिवटिव म्हणायचे, कारण तिची जीभ फक्त झोपेतच टाळ्याला चिकटायची.

समुद्राचं पाणी ओढणारा पंप बिघडला होता. बरण्यांना तर पाणी हवंच. कोपऱ्यातल्या एका बरणीत कुठूनसं हिरवं शेवाळ घुसलेलं, आणि मावशीनं ती ओतून टाकायला सांगितलं होतं. पण एवढं पाणी फुकट घालवायचं? टिवटिवनं ते सगळ्यात बारीक गाळणीतून गाळलं, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एकही हिरवा ठिपका नाही! मग तिनं खुशीत सगळ्या तपकिरी बरण्या भरून टाकल्या.

सकाळी बरण्या पांढऱ्याफटक. तळाशी नुसता गाळ.

"मावशी, अगं मी नीट गाळलं होतं! शप्पथ!"

मावशी मटकन स्टुलावर बसली. "हिरवं शेवाळ गेलं गं, पण त्यानं पाण्यात सोडलेलं विष कुठल्या गाळणीत अडकणार? ते विरघळलेलं असतं. शेजारचं शेवाळ जगू नये म्हणूनच ते विष सोडतं."

"पण ही कडेची बरणी तर छान आहे!"

"तो गोलू, वेगळ्या जातीचं शेवाळ. त्याला हिरव्याचं विष बाधत नाही, दोघं एकाच पाण्यात सुखानं नांदतात."

"मग गोलूच देऊया ना पिल्लांना!"

"केवढा जाड आहे तो! त्यांच्या तोंडात मावेल का?"

तरी टिवटिवनं हट्टानं एक चमचा टाकीत घातलाच. मग टाकीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघत बसली. पिल्लं गोलूजवळ येत, त्याला धडकत, मागे सरत. काचेसारख्या अंगातून त्यांची रिकामी पोटं स्वच्छ दिसत होती.

मावशीनं ओळखीच्या सगळ्या केंद्रांना फोन केले. प्रत्येकाचं शेवाळ त्याच्याच पिल्लांना जेमतेम पुरत होतं. नवीन वाढवायचं, तर तेवढे दिवस ही उपाशी कशी राहणार?

"साप गेल्यावर भुई धोपटून काय होणार?" मावशी उठली. "चल. समुद्रात सोडू."

"तिथे जगतील?"

"एवढीशी आहेत गं. कवचसुद्धा धड धरलं नाहीये."

"मावशी, हो म्हण ना!"

मावशीनं पिल्लं बादलीत काढली. तिनं बादलीची कडी एका बाजूनं धरली. टिवटिवनं दुसऱ्या बाजूनं धरली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचेना.