कच्च्या केळ्याचा घास

“आधी अंगावरचा सदरा काढा,” सारजाबाई म्हणाली आणि पदर नाकाला लावून भिंतीकडे वळली.

गोकुळ दारातच थांबला. हातात वाटी होती, वाटीत गुरगुट्या भात. सदरा तर त्याने आल्या आल्याच बदलला होता. न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं होतं, साबण घासघासून लावला होता.

“बदललाय गं. आंघोळ पण केली.”

“मग तुमच्या अंगातूनच येतोय. तेलाचा वास.”

ती वाईटपणाने बोलली नव्हती. तिला खरंच उमासा आला होता. गोकुळने वाटी खिडकीत ठेवली आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

शेंद्र्याच्या कारखान्यांच्या रस्त्यावर, एका मोठ्या फाटकासमोर त्याचा नाश्त्याचा गाडा होता. पहिल्या पाळीची माणसं बसमधून उतरली की आधी त्याच्याकडे येत. पोहे, भजे, आलूबोंडे, तळलेल्या मिरच्या. लोक गोकुळच्या हाताची तारीफ करत, पण गाडा चालत होता तो सारजाबाईच्या जिवावर. उजाडायच्या आत ती बटाटे उकडी, डाळ वाटी, मिरच्यांना चीर देई आणि डबे भरून मोटरसायकलला बांधून देई. तो नुसता तळायचा आणि वाढायचा. लग्नानंतरचं सगळं आयुष्य दोघांचं असंच तेलाच्या वासात गेलं होतं, आणि आता तोच वास तिला सोसत नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात सलाईनमधून औषध सुरू झालं. आधी केस गेले, मग तोंड आलं. जिभेपासून घशापर्यंत नुसती आग. दूध नको, अंडं नको, भाकरीकडे तर बघवत नव्हतं. पाण्याचा घोट घेतला तरी डोळे भरून येत.

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि मग गोकुळला बाजूला घेतलं.

“काका, यांचं वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध मला देता येणार नाही. शरीराला झेपलं पाहिजे ना? काहीही करा, पण पोटात काहीतरी जाऊ द्या.”

काहीही करा. गोकुळने सगळं करून पाहिलं होतं. वैजापूरला दिलेली त्यांची एकुलती एक लेक संस्कृती बाळंतपणाला टेकली होती, तिला येता येत नव्हतं. ती रोज फोनवर विचारायची, “दादा, माय जेवली का?” आणि तो रोज म्हणायचा, “व्हय, जेवली. आता झोपली बघ.”

त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याला भागूबाई भेटली. फुलंब्रीकडची बाई, नवऱ्याला घेऊन यायची. सारजाबाई बाकावर डोळे मिटून पडलेली पाहून ती स्वतःहून जवळ आली.

“काही खात नाय का?”

गोकुळने मान हलवली.

“आमच्या मालकाचं तोंड असंच आलं व्हतं. कच्ची केळी उकडून घाला. भाजीची, पिकलेली नव्हं. लोण्यावानी मऊ व्हत्यात. वरून तूप-जिरं. तिखट नाय, आंबट नाय, घशाला लागत नाय. आन् ताकद लई असती त्यात.”

“मग खाल्ली त्यांनी?”

“खातेत की.” भागूबाईने आतल्या दाराकडे पाहिलं. “जेवढं जातंय तेवढं.”

दुसऱ्या दिवशी गोकुळ गाडा आटोपून तसाच जाधववाडीच्या मार्केटात गेला. हिरव्या केळ्यांचा ढीग घेऊन बसलेल्या माणसाने विचारलं, “वेफरचा धंदा हाय का तुमचा?”

“नाय. घरी खायला.”

त्या माणसाने दोन फण्या पिशवीत टाकल्या.

गोकुळला घरातला स्वयंपाक कधी करावा लागला नव्हता. नाश्ता म्हटला की त्याला तवा आणि कढई एवढंच सुचायचं. त्याने केळी सोलली. चिकाने बोटं काळी पडली. मग केळी किसून त्यात मुगाचं पीठ कालवलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि तुपावर धिरडं घातलं. कडेने तूप सोडलं, जाळी पडली, रंग सुरेख आला. गाड्यावर असतं तर लोकांनी हातोहात नेलं असतं.

सारजाबाईने त्याचा चेहरा पाहिला आणि एक तुकडा तोंडात घातला. थोडा वेळ ती तशीच बसली. मग तोंडातला घास तिने हळूच तळहातावर काढला. घासावर लाल ठिपका होता.

“चांगलं झालंय,” ती म्हणाली. “पण टोचतंय हो.”

कुरकुरीत कडा. त्याचं सगळं कसब त्या कडांमध्ये होतं. गोकुळने ते धिरडं उचललं आणि मागच्या दारी कुत्र्याला टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तवा काढलाच नाही. केळी सालासकट कुकरमध्ये लावली, शेजारी डब्यात मुगाची डाळ. शिट्ट्या होईपर्यंत तिला धरून न्हाणीत नेऊन आणलं. तेवढ्यात शिजलंसुद्धा. सालं काळी पडून सुटली होती. त्याने केळी वाटीच्या बुडाने चेचली, त्यात डाळ घोटली, सगळं चाळणीतून दाबून काढलं. पळीत तूप तापवून जिरं तडतडवलं, जिरं गाळून नुसतं तूप वर ओतलं. मीठ अगदी बेताचं.

लहान चमचा त्याने तिच्या ओठांशी नेला. तिने गिळलं. तो बघत राहिला. तिने पुन्हा तोंड उघडलं.

“वांग्याच्या भरतावानी लागतंय,” अर्धी वाटी संपल्यावर ती म्हणाली. “बिनमिरचीचं भरीत.”

गोकुळ वाटी धुवायला म्हणून मागच्या दारी गेला आणि नळ सोडून बराच वेळ नुसता उभा राहिला.

त्या दिवसापासून गाड्यावरची कढई बंद झाली. पोहे आणि चहा एवढंच.

“काका, भजे काहून नाय?” कामगार विचारायचे.

“तेल बंद केलंय.”

हळूहळू गिऱ्हाईक पुढच्या गाड्यावर जायला लागलं. गोकुळला त्याचं काही वाटेना. पहिल्या पाळीच्या वेळी तो गाड्यावर कमी आणि घरी जास्त असे. एके दिवशी त्याने गाड्यावर ताडपत्री टाकली, सुतळीने बांधली आणि घरी आला. आता अंगाला वास येत नव्हता. सारजाबाई त्याला जवळ बसू द्यायला लागली.

पुढच्या खेपेला वजन उतरलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई हसल्या, “काय घालता काका यांना?” गोकुळने सांगितलं. सलाईन लागलं. बाहेर येऊन त्याने स्वतःहून लेकीला फोन केला. “संस्कृती, माय जेवली गं,” तो म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

पण ते औषध तिला फार बाधलं. घरी आल्यावर सारजाबाई जी पडली ती उठेचना. चमचा दिसला की ती ओठ मिटून घेई. गोकुळने केळी आणखी पातळ केली, डाळीचं नुसतं पाणी घातलं, गार करून पाहिली, कोमट करून पाहिली. सकाळ झाली की कुकर लावायचा, चाळायचं, वाटी घेऊन तिच्यापाशी बसायचं आणि भरलेली वाटी परत न्यायची. जाधववाडीचा केळीवाला आता त्याला लांबूनच ओळखायचा.

एका सकाळी त्याचा तोल गेला.

“खा,” तो म्हणाला.

तिने मान फिरवली.

“खा म्हणतो ना! डॉक्टरीण काय बोलली ऐकलं नाय का तू? वजन उतरलं तर औषध बंद. औषध बंद म्हंजे काय, कळतंय का तुला?”

सारजाबाईने डोळे मिटले. गोकुळने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली, बोटांनी गाल दाबले आणि उघडलेल्या फटीतून चमचा आत सारला. एक. मग दुसरा. तिने भीतीने गिळलं. तिसरा चमचा त्याने भरला आणि तेवढ्यात तिच्या पोटातून सगळं उसळून वर आलं. गोधडीवर, तिच्या लुगड्यावर, त्याच्या मनगटापर्यंत. त्यात रक्ताची रेघ होती.

तिला धाप लागली. तिच्या गालावर त्याची बोटं उमटली होती.

गोकुळने चमचा वाटीत ठेवला. “सारजे,” तो म्हणाला, “मी काय करू? तूच सांग मला. मला दुसरं काय येतंय? आख्ख्या गावाला खाऊ घातलं मी. आन् तुलाच...”

सारजाबाईने श्वास खाली बसू दिला. मग पदराचं टोक घेतलं आणि त्याचा भरलेला हात पुसायला लागली. एकेक बोट.

“सकाळपासून तुम्ही खाल्लंय का काही?”

“मला कुठं भूक हाय.”

“काल?”

त्याने वाटी बाजूला सरकवली.

“आवो, लगीन होऊन आले तवापासून तुम्हाला बसून नाश्ता करताना मी बघितलं नाय,” ती थांबत थांबत म्हणाली. “सगळं फाटक खायचं तुमच्या हातचं. तुम्ही आपलं खालचं उरलंसुरलं, ते पण उभ्या उभ्या. बसा इथं. ती वाटी घ्या. माझ्यासमोर खा.”

“मला नाय जाणार, सारजे.”

“मला पण जात नव्हतं,” ती म्हणाली. “तरी तुम्ही घालतच व्हता ना?”

गोकुळने तिला पुसून काढलं, गोधडी बदलली. मग वाटीत उरलेलं एका ताटलीत काढून तिच्यासमोर मांडी घालून बसला. पहिला घास तोंडात फिरत राहिला. त्याने तो कसाबसा गिळला.

“कसं लागतंय?” तिने विचारलं. “मला चवच राहिली नाय. तुम्ही सांगा.”

गोकुळने दुसरा घास घेतला. “तूप जरा जास्त झालंय,” तो म्हणाला. “मऊ हाय. डाळीचा वास चांगला येतोय. आन् मीठ... मीठ थोडं कमी.”

“मग घ्या की वरून. तुम्हाला कुठं पथ्य हाय?”

तो उठला आणि मीठ घेऊन आला. तो खात होता आणि ती त्याच्या हाताकडे, तोंडाकडे बघत होती. ताटली रिकामी झाली तेव्हा तिचा चेहरा सैल पडला होता, जणू तिचंच पोट भरलं होतं.

दवाखान्यात पुन्हा जावं लागलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं नाही. सारजाबाईला उभं राहताच येत नव्हतं. त्या गोकुळच्या शेजारी बाकावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आता औषधाचा त्रास नको यांना. घरी न्या. दुखलं तर गोळी द्या. खाण्याची जबरदस्ती करू नका.” गोकुळने गोळ्यांची चिठ्ठी घेतली. व्हरांड्यातून बाहेर पडताना त्याने भागूबाईला शोधलं. ती कुठे दिसली नाही.

तरी तो सकाळी कुकर लावत राहिला. केळी, डाळ, तूप-जिरं. आता चाळणी लागत नव्हती आणि जिरंही गाळायचं कारण नव्हतं. हिरवी मिरची मात्र तो घालत नसे, तिला ठसका लागायचा. ताटली घेऊन तो तिच्या खाटेजवळ बसायचा. ती विचारायची, तो सांगायचा. केळं जून निघालं, आज डाळ बोटचेपी राहिली, आज छान जमलं. कधी ती बोटाचं टोक तुपात बुडवून ओठाला लावायची. बस, तेवढंच.

संस्कृती आली ती तान्ह्या लेकीला घेऊनच. बाळंतीण होती, येऊ नको म्हटलं तरी ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बापाला आईसमोर बसून जेवताना पाहिलं आणि ती दारातच थबकली. गोकुळला बाहेर बोलावून दबक्या आवाजात म्हणाली, “दादा, हे काय चालवलंय? तिला घोटभर पाणी जात नाय आन् तुम्ही तिच्या म्होरं बसून खाता? तिला काय वाटत आसंल?”

आतून सारजाबाईचा आवाज आला, अगदी बारीक.

“खाऊ दे त्यांना. गार व्हतंय.”

दुसऱ्या दिवशी संस्कृतीनेच उकडलेली केळी सोलून दिली.

त्यानंतरच्या एका सकाळी ऊन दारातून खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. संस्कृती न्हाणीत बाळाला न्हाऊ घालत होती, पाण्याचा आणि रडण्याचा आवाज येत होता. गोकुळ ताटली घेऊन नेहमीच्या जागी बसला. सारजाबाई कुशीवर होती, तोंड त्याच्याकडे. तिने विचारलं नाही, म्हणून तोच सांगायला लागला.

“आज केळी चांगली मिळाली. कोवळी हायेत. सालीला हात लावला की निघत व्हती.”

त्याने घास घेतला.

“तुझी नात लई रडती. संस्कृती पण अशीच रडायची, आठवतंय? तू एका हातानं पाळणा हलवायची आन् एका हातानं डाळ...”

तो थांबला. सारजाबाईचे डोळे अर्धवट उघडे होते, त्याच्या हाताकडे लागलेले. त्याने हात पुढे करून तिच्या नाकाशी धरला. मग तिच्या कपाळावर ठेवला. कपाळ अजून कोमट होतं.

ताटलीत थोडं उरलं होतं. गोकुळने ते सावकाश, एकेक घास चावून खाल्लं. बोटाने तूप निपटून घेतलं. ताटली खाली ठेवली, हात धुतला, तिचे डोळे मिटवले आणि मग संस्कृतीला हाक मारली.