चंदेरी टेप

कादिरने पाइपच्या सांध्यावर चंदेरी टेपचा दुसरा वेढा दिला आणि अंगठ्याने दाबून गुळगुळीत केला. दिसायला काम झकास. पण ती एसीच्या डक्टची टेप. थंड हवेच्या नळ्यांवर वर्षानुवर्षं टिकते, लाकडं जाळायच्या शेगडीच्या धुराड्यावर दोन-चार रात्रींत सुटते. डक्टच्या कामात हयात घालवलेल्या कादिरला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने ती लावली होती.

पाइप पुन्हा लटपटला की कफील, म्हणजे त्याला सौदीत आणणारा मालक, पुन्हा बोलावणार. त्याच्या वर्कशॉपात आता सौदी पोरं घ्यायची सक्ती झाली होती आणि कादिरचा इकामा, इथे राहायचा परवाना, याच महिन्यात संपत होता. आपली गरज उरली तरच तो नवा करून देईल, एवढी एकच आशा. काल रत्नागिरीहून बायको, फरहाना, फोनवर नुसती रडत होती. माणूस किती खाली उतरतो, ते कादिरला शिडीवर उभं राहून कळत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

तबूकची थंडी हाडांत शिरणारी. कफील अबू तल्हा बैठकीच्या खोलीत आला. मागोमाग त्याची नात अरवा गादी ओढत आली आणि तिने ती थेट शेगडीसमोर पसरली.

"इथे कोण झोपतं?" कादिरने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

"ही आणि हिची आजी. सगळा हिवाळा. झालं ना काम?"

पोर गादीवर कोलांट्या मारत होती. रात्री सांधा सुटला, तर सगळा धूर खोलीतच कोंडणार. कादिर टेप नखांनी ओरबाडून काढू लागला.

"आत्ताच लावलीस ना ती?"

"चुकून लावली, बाबा. हाताची सवय. आगीला नाही चालत."

त्याने पाइप एकमेकांत नीट बसवले, सांध्याला तीन बाजूंनी स्क्रू मारले आणि लोखंडी पट्टीने धुराडं भिंतीशी आवळून टाकलं.

अबू तल्हाने दोन्ही हातांनी ते गदागदा हलवून पाहिलं. तसूभरही हललं नाही. म्हातारा खूश झाला.

"खलास! आता याला कुणी हात लावायला नको." त्याने कादिरच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "एवढं एकच काम अडलं होतं, म्हणून तुला थांबवलं. उद्या तुझे कायमच्या एक्झिटचे कागद करतो. जा आता घरी, पोराबाळांत."

"शुक्रान, बाबा," कादिर म्हणाला आणि शिडी मिटायला वळला.