मधला ठिपका

मी एक जुनी पंजी आहे. किलवरची. माझ्या कडा फाटल्या आहेत, एक कोपरा दुमडला आहे आणि अंगाच्या मधोमध काळ्या दोऱ्याची एक गाठ आहे. काल तुमच्यापैकी कोणीतरी ती गाठ नखाने ओढून बघितली. निघत नाही म्हटल्यावर दातांनी ओढली. शी! रीत म्हणून मी तुम्हाला मित्रांनो म्हणते, पण मित्र असे वागत नाहीत. तेव्हा हात मांडीवर ठेवा आणि गुपचूप ऐका. मला एकच गोष्ट दोनदा सांगायची हौस नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. एकाच मोठ्या जाड कागदावर आम्ही सगळी भावंडे शेजारी शेजारी छापली गेलो आणि शाई वाळायच्या आत भांडायला लागलो. राजे मिशीवर ताव देत होते, एक्के स्वतःलाच सर्वांत मोठे समजत होते. मग कापायचे मशीन आले आणि सगळ्यांची तोंडे बंद झाली. आमच्या कॅटमध्ये पत्त्यांच्या कोपऱ्यात आकडे छापलेले नव्हते. ठिपके मोजा आणि ओळखा, असा सरळ कारभार होता. माझ्या चार कोपऱ्यांत चार ठिपके आणि मधे एक. तो मधला झाकला तर मी चार ठिपक्यांची चौकी दिसते. ती चौकी! तिच्याशी माझी तुलना झाली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आम्हाला एका शिंप्याने विकत घेतले. दोन मुलगे आणि एक दुकान असा त्याचा संसार होता. दुकानात शिलाईची दोन मशिने. एक खिडकीजवळ, भरपूर उजेडात. दुसरे मागच्या भिंतीशी, कपडे घालून बघायच्या पडद्याला लागून, एका पिवळट दिव्याखाली. खिडकीजवळ कोण बसणार यावरून मुलांची रोज जुंपायची. एकदा कात्री फेकण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा बापाने नियम करून टाकला. दर सोमवारी जेवण झाले की कापायच्या टेबलावर क्रिबेजचा एक डाव खेळायचा. जिंकेल तो आठवडाभर खिडकीत बसेल, हरेल तो मागे. त्यावर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. बाप गेला, पण नियम राहिला. दोघे भाऊ एकमेकांशी कामापुरतेही बोलेनासे झाले, तरी सोमवारचा डाव चुकला नाही.

क्रिबेज तुम्हाला येत नसणार. तुम्हाला पत्त्यांचे बंगले करायचे तेवढे कळते. तर ऐका. हा दोघांचा खेळ. प्रत्येकाला सहा पत्ते मिळतात. त्यातले चार ठेवायचे आणि दोन टाकायचे. दोघांनी टाकलेल्या पत्त्यांचा मिळून जो ढीग होतो त्याला क्रिब म्हणतात, आणि ती क्रिब ज्याने पत्ते वाटले त्याची असते. म्हणजे वाटणी तुमची असेल तर टाकलेलेही तुमच्याच घरात राहते. वाटणी दुसऱ्याची असेल तर तुम्ही जे टाकाल ते शत्रूच्या ताटात पडते. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, सगळा खेळ त्यातच आहे. टाकून झाले की गड्डीतला एक पत्ता उलटतात आणि तो दोघांच्याही मोजणीत धरतात; बाकी नुसती मोजणी.

पत्त्यांची बेरीज पंधरा झाली की दोन गुण मिळतात, ओळीने लागलेल्या पत्त्यांच्या रांगेचे वेगळे. दश्शी, गुलाम, राणी, राजा या सगळ्यांची किंमत दहा. दहाला पंधरा करायला काय लागते? मी लागते. म्हणून पंजी शत्रूच्या क्रिबमध्ये कोणी शहाणा टाकत नाही. राजे टाकले जातात, एक्के टाकले जातात, पंजी ठेवली जाते. उगाच नाही माझे नाक वर.

थोरल्याचा माझ्यावर भारी जीव. मी हातात आले की तो मला अंगठ्याने चोळायचा, बरोबर मधल्या ठिपक्यावर. इतकी वर्षे चोळले की ठिपका आधी फिकट झाला, मग करडा, मग एक पुसटसा डाग उरला. लाडाने माझे वाटोळे केले, दुसरे काय! नवा कॅट आणायला हवा हे दोघांनाही दिसत होते. पण तो दुसऱ्याने आणावा, असे दोघांचेही म्हणणे होते.

आणि त्यांचा तो मेला नियम! मोजताना एखाद्याचे गुण नजरेतून सुटले तर समोरच्याने ते स्वतःच्या नावावर करून घ्यायचे. धाकट्याला याची भारी चटक. तो बोटातले अंगुस्तान, ती सुई ढकलायची लोखंडी टोपी, टेबलावर ठक्कन वाजवायचा, थोरल्याचे सुटलेले गुण सांगायचा आणि गुण मोजायच्या भोकांच्या पट्टीवर आपली टाचणी पुढे सरकवायचा. थोरला मान वर करायचा नाही. आधी हे क्वचित व्हायचे. मग दर सोमवारी व्हायला लागले.

थोरला कोट शिवायचा. त्याची हाताने केलेली बटणांची काजे बघायला दुसऱ्या शिंप्यांची गिऱ्हाइके यायची. पण काजाला उजेड लागतो, आणि थोरल्याचे डोळे हळूहळू विझत चालले होते. हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. सांगितले असते तर धाकट्याने दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवले असते, निदान थोरल्याला तरी तसेच वाटत होते. खिडकी मिळाली तर तो काम करू शकत होता. खिडकी गेली की पिवळ्या दिव्याखाली बोटे टोचून घेत बसायचा आणि काजे उसवून पुन्हा घालायचा. तेव्हा त्याच्यासाठी सोमवारचा डाव म्हणजे खेळ नव्हता. दुकानात टिकायचे की घरी बसायचे, ते त्यावर ठरायचे.

त्याची बायको दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची. डब्याबरोबर सुयांची एक गादी असायची आणि तीत सगळ्या सुया आधीच दोरा ओवून टोचलेल्या. धाकटा ते बघून कुत्सित हसायचा.

"दादाला आता सुई ओवायचाही कंटाळा. वहिनी, घासही तुम्हीच भरवत जा."

वहिनी डबा उघडून जेवण वाढायला घ्यायची.

मग तो सोमवार आला. वाटणी धाकट्याची होती, म्हणजे क्रिब धाकट्याची. थोरल्याच्या हातात गुलाम, राणी, राजा, नव्वी, सत्ती आणि मी. मित्रांनो, असा हात नशिबाने मिळतो. गुलाम, राणी, राजा ही रांग, आणि त्या तिघांपैकी प्रत्येकाबरोबर माझे पंधरा. मी डोळे मिटून बसले. मला टाकणार कोण?

थोरल्याने पत्ते डोळ्यांजवळ नेले, लांब नेले, पुन्हा जवळ आणले. माझ्यावरून अंगठा फिरवला, पण अंगठ्याला ठिपका थोडाच कळतो? मग त्याने गुलाम, राणी, राजा आणि नव्वी ठेवली. दश्शी उलटली तर लांब रांग होईल, असा त्याचा हिशेब. आणि मला त्या टिनपाट सत्तीच्या जोडीने शत्रूच्या क्रिबमध्ये टाकून दिले. चौकी समजून! मला!

पत्ते खेळून झाले. थोरल्याने आपला हात मांडला. दश्शी उलटली नव्हती. धाकट्याने क्रिब उघडली आणि मला बघून त्याचा चेहरा खुलला. मग त्याची नजर थोरल्याच्या गुलाम-राणी-राजाकडे गेली. पुन्हा माझ्याकडे आली. तिथून ओवलेल्या सुयांच्या गादीकडे गेली आणि तिथेच खिळली. अंगुस्तान घातलेले बोट अर्धवट उचललेले होते, ते त्याने हळूच खाली ठेवले.

"काय झालं? मोज की," थोरला खेकसला.

धाकट्याने मोजले. तो जिंकला. तो आठवडाभर खिडकीत बसला, पण त्याचे एकही काम धड झाले नाही. विजारीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड शिवला.

पुढच्या सोमवारी वाटणी थोरल्याची आली. मी पडले धाकट्याच्या हातात. आता तरी माझी कदर होईल असे वाटले. कसची कदर! त्याने मला आणि दश्शीला उचलले आणि सरळ थोरल्याच्या क्रिबमध्ये सारले. आयते पंधरा, ताटात वाढून. आधी एकाने आंधळेपणाने टाकले होते, आता दुसऱ्याने दयेने टाकले. यातले कोणते जास्त झोंबले म्हणाल तर दुसरे.

जेवण आटोपून वहिनी डबा आवरत होती. थोरल्याने क्रिब मांडली, वाकून बघितली आणि म्हणाला, "काही नाही. शून्य."

नियमाप्रमाणे आता अंगुस्तान वाजायला हवे होते. वाजले नाही. थोरल्याचे कान त्या आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"वाजवत का नाहीस? चुकलोय का मी?"

"दादा, ती पंजी आहे."

"कुठली पंजी?"

"ती चौकी नाही. पंजी आहे. दश्शीजवळची."

थोरला हळूहळू लाल झाला. त्याला दोन गोष्टी एकदमच कळल्या होत्या.

"माझ्या क्रिबमध्ये पंजी टाकलीस? तू? मला भीक घालतोस?"

"मग काय करू? गेल्या खेपेला गुलाम, राणी, राजा हातात धरून तू पंजी फेकलीस. कोण फेकतं अशी? दिसत नाही तर सांगायचं होतं!"

"तुला? सांगितल्यावर तू माझं मशीन विकून मोकळा झाला असतास!"

"इतका वाईट आहे का मी?"

"आहेस!"

थोरल्याने हात फिरवला आणि आम्ही सगळे जमिनीवर उधळलो. मी मशीनच्या पेडलखाली जाऊन पडले. पाठीला तेल लागले, ते अजून निघालेले नाही. वहिनीने डब्याचे झाकण लावले आणि धाकट्याकडे बघितले.

"भावजी, वर्ष झालं, त्यांची काजं वाकडी पडतायत. तुमच्या नाकासमोर. ती बघून नाही कळलं, आणि पत्ता बघून कळलं?"

ती नवऱ्याचा हात धरून निघून गेली. जाताना सुयांची गादी मात्र विसरली.

धाकट्याने गुडघ्यांवर बसून आम्हाला गोळा केले. मला पुसले, खिडकीत नेऊन उजेडात धरले आणि माझी ती पुसट जागा बराच वेळ बघितली. मग त्याने वहिनीच्या गादीतली एक ओवलेली सुई घेतली आणि माझ्या छातीतून आरपार काढली. होय, आरपार! शाईची बाटली समोर होती. एक थेंब टेकवला असता तरी मी पुन्हा पंजी झाले असते. पण शाई अंगठ्याला कळत नाही. त्याने काळ्या दोऱ्याची एक घट्ट, टपोरी गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. मग बाकीच्या पंज्यांनाही तसेच टोचले. त्यांच्या किंकाळ्या ऐकून मला जरा बरे वाटले.

थोरला आठवडाभर आला नाही. सोमवारी आला तो भांडायच्या तयारीने. पण टेबलावर पत्ते मांडलेले होते, म्हणून बसला. सवय वाईट असते. पत्ते हातात घेतले, अंगठा फिरला आणि माझ्यावर थांबला.

"हे काय?"

"पंजी."

थोरला बराच वेळ ती गाठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "पाठीमागून टाका दिसत असणार. माझ्या हातात पंजी आली की तुला कळणार."

"कळणार."

"म्हणजे तू लबाडी करणार."

"मग तू न बघता खेळणार, मी बघून खेळणार. हरायची भीती वाटत असेल तर घरी जा."

"तुला हरवायला मला डोळे लागत नाहीत," थोरला म्हणाला आणि त्याने वाटणी केली.

आमचा कॅट नासला, मित्रांनो. खुणा केलेल्या पत्त्यांनी खेळतात ते लफंगे. पण त्या दिवशी दोघेही जिवावर उदार होऊन खेळले. थोरल्याने प्रत्येक पत्ता खिडकीकडे धरून, ठिपके पुटपुटत मोजले. धाकट्याने घाई केली नाही, पण एकही गुण सोडला नाही. दोनदा अंगुस्तान वाजले, चांगले ठणठणीत. दोन्ही वेळा थोरल्याने त्याला शिवी दिली, आणि दोन्ही वेळा धाकट्याच्या तोंडावर समाधान दिसले. शेवटच्या हातात थोरल्याने मला राजा-राणीबरोबर ठेवले आणि तो जिंकला.

धाकटा उठला, खिडकीजवळच्या मशीनवरचे आपले कापड त्याने उचलले आणि खुर्ची झटकली. "बस."

थोरला हलला नाही.

"खिडकी तू ठेव," तो म्हणाला. "मला मागची जागा पुरे. मी तिथे बटणं लावीन. बटणं बोटांना दिसतात."

"अरे, जिंकलायस ना? मग बस की खिडकीत!"

"जिंकलोय म्हणूनच सांगतोय. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते मी ठरवणार."

आणि भिंतीला हात लावत तो पडद्याशेजारच्या मशीनवर जाऊन बसला. धाकटा उजेडात उभा राहिला, हातात कापड घेऊन. पुढची कितीतरी वर्षे कोटाची काजे धाकट्याने घातली. मागून थोरला त्यांवर बोट फिरवायचा आणि वाईट झाली आहेत असे सांगायचा. बहुतेक वेळा त्याचे खरे असायचे. सोमवारचा डाव चालूच राहिला. भांडणही चालू राहिले. फक्त आता ते तोंडाने भांडत.

आता तुम्हाला सांगते. बटणे लावणारा तो थोरला म्हणजे तुमचे पणजोबा. म्हणून मी तुमच्या घरी, बटणांच्या डब्यात. मला चिखलात टाकले असतेत, पुस्तकात खूण म्हणून घातले असतेत, टेबलाच्या पायाखाली सारले असतेत, तरी मी कुरकुर करत सोसले असते. पण मधल्या दोऱ्याला हात लावायचा नाही. एका भांडकुदळ माणसाला आपल्या भावाशी जे बोलता आले नाही ते त्याने तिथे शिवून ठेवले आहे. ते उसवलेत तर मी उरेन नुसती एक चौकी.