लाल पट्टी कुणी सरकवली?

बँडमध्ये आली तेव्हा सगळे तिला 'भोंगा' म्हणायचे आणि तिला ते जाम आवडायचं. लांबलचक पितळी ट्रॉम्बोन फुंकणाऱ्या मुलीला याहून चांगलं नाव मिळूच शकत नाही. मग धाकटी बहीण ट्रम्पेट घेऊन आली. ती घरच्यासारखं "ताई, ताई" करायला लागली आणि आठवड्याभरात सगळा बँड ताई म्हणायला लागला. दाढी राखणारा ड्रमरसुद्धा! सतराव्या वर्षी दाढीवाल्याची ताई होण्यात काय सुख असतं ते तिलाच ठाऊक.

बँडचं नाव 'उलटा ठोका'. गाणी स्का-पंक, म्हणजे गिटारचा ठोका नको तिथे पडणार, ऐकणाऱ्याचे पाय आपोआप उड्या मारणार आणि शेजारी दार बडवणार. शेजारी जे ओरडायचे तेच त्यांनी पहिल्या अल्बमला नाव दिलं होतं : 'आवाज कमी करा'. त्याच नावाच्या गाण्यात मधोमध सगळे थांबतात आणि एकच वाद्य एकटं वाजतं. तो तुकडा तिचा होता. तिनेच बसवला होता, न्हाणीघरात, आईची बोलणी खात खात. आणि गेल्या सोमवारी गायक सहज, अगदी पाणी मागावं तसं म्हणाला, "तो तुकडा धाकटीला देऊ या. ट्रम्पेटवर जरा चमकतो."

चमकतो! म्हणजे ट्रॉम्बोनवर काय गंजतो?

"चालेल ना, ताई?" धाकटीने विचारलं.

"मला काय," ती म्हणाली आणि घरी जाऊन उशीला तीन गुद्दे घातले.

आणि आज स्टुडिओत त्याच अल्बमचं रेकॉर्डिंग. टायरच्या दुकानावरची लांबट खोली, भिंतींवर जुने गालिचे टांगलेले, आणि आवाज नको म्हणून एसी बंद. सगळे भाजून निघत होते. काचेपलीकडे साउंडवाले काका कानावर हेडफोन चढवून बसले होते. त्यांची पद्धत जुनी : सगळ्यांनी एकदम वाजवायचं आणि फुंकायच्या वाद्यांना मिळून एकच माइक. ज्याचा आवाज मोठा त्याने लांब उभं राहायचं, ज्याचा बारीक त्याने जवळ. कुणी हलू नये म्हणून त्यांनी जमिनीवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. धाकटीची लाल, तिची पिवळी.

"ताई, मागे हो."

ती मागे झाली. काकांनी पट्टी उचलून मागे लावली.

"अजून. फुप्फुसं आहेत की गॅसचं सिलिंडर?"

सगळे हसले. धाकटीही हसली. ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माइकला नाक लावून ही उभी, आणि जिने हिला ट्रम्पेटमध्ये फुंकायला शिकवलं ती पार भिंतीकडे ढकललेली! हिला तर ओठ कसे धरायचे तेही येत नव्हतं, नुसती फुर्र फुर्र करायची.

चहाची सुट्टी झाली. सगळे खाली गेले. ती, फुंकून फुंकून ट्रॉम्बोनमध्ये साठलेलं पाणी काढायचं निमित्त करून थांबली. खरंच काढलं पाणी, चांगलं ठिबकवलं. मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि नखाने लाल पट्टी उचकटली. आधी जराशीच मागे लावली. मग वाटलं, एवढ्याने काय होणार? अजून मागे नेली. शेवटी पट्टी जाऊन बसली कोपऱ्यात, ड्रमच्या आडोशाला, जिथे काचेतून काकांना दिसत नव्हतं. मागे बाथरूम. त्याच्या दाराची कडी मोडकी, त्यामुळे दार अर्धवट उघडंच असायचं.

वाजव आता, म्हणाली ती मनात. चमक.

सगळे परत आले. धाकटीने जमिनीवर पट्टी शोधली, कोपऱ्यात दिसली, क्षणभर तिथेच बघत राहिली आणि मुकाट्याने जाऊन उभी राहिली. गायकाने नेहमीसारखे डोळे मिटले. ड्रमरने काठ्या आपटल्या. गाणं सुटलं ते असं सुटलं की दिवसभर चुकणारा बास गिटारवालाही रुळावर आला. मग सगळे थांबले आणि तो तुकडा सुरू झाला.

ट्रम्पेटचा आवाज मागच्या बाथरूमच्या फरशांवर आपटला, फिरला आणि खोलीत आला तो भलताच होऊन. रिकाम्या रस्त्याच्या टोकाला उभं राहून कुणीतरी सगळ्या गल्लीला उठवतंय, असा. तिच्या हातावर काटा आला. स्वतःच्या हाताचाच राग आला तिला.

गाणं संपलं. काका दार उघडून आत आले.

"हाच टेक घ्यायचा! पण ट्रम्पेट कुठून वाजलं?"

"इथून," कोपऱ्यातून धाकटी म्हणाली.

"अरे वा! बाथरूमचा घुमारा! काय डोकं आहे पोरीचं, बरोबर जागा हेरली."

हेरली? हिने? तिच्या पोटात असं काही दुखलं की तोंड आपोआप उघडलं. "ती पट्टी मी सरकवली!"

गायकाने पहिल्यांदा डोळे नीट उघडले. "का?"

झालं. आता काय सांगणार? तेवढ्यात धाकटीच बोलली, "आवाज घुमावा म्हणून. घरी ताई न्हाणीघरातच वाजवते ना. तिला माहीत होतं."

काकांनी मान डोलावली. ड्रमर म्हणाला, "मानलं, ताई!" सुटली की ती! पण सुटकेचा आनंद होईल तर शपथ. तुकडा हिचा, शाबासकी हिची आणि आता वर चांगुलपणातही हीच पुढे? हे मात्र अति झालं.

"खोटं बोलतेय ती," ती तणतणत म्हणाली. "घुमारा-बिमारा काही नाही. तिचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून सरकवली. जळत होते मी. अजून जळतेय!"

गायकाने खाकरून गिटार सुरात लावायला घेतली. ती सुरातच होती.

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "पट्टीच्या जुन्या जागेवर तुझ्या ट्रॉम्बोनचं पाणी सांडलंय. ई!"

"मग उभी कशाला राहिलीस तिथे? बावळट!"

"तूच आतापर्यंत सांगितलंस ना, कसं उभं राहायचं, कुठे श्वास घ्यायचा." धाकटीने खांदे उडवले. "मला वाटलं, रागात असली तरी ताईला कळत असेल."

फडकं घेऊन ताईने ते सांडलेलं पाणी पुसलं, गरजेपेक्षा बराच वेळ.

"चला, पुढचं गाणं," काका परत काचेपलीकडे जाऊन ओरडले. "आणि तू गं सिलिंडर, अजून एक पाऊल मागे!"

ती एक पाऊल मागे झाली. मग कुणी बघत नाही असं पाहून आणखी दोन, बाथरूमच्या दिशेने. आणि पायाने हळूच दार सताड उघडलं.