भोंगादादाच्या कानांचा पहारेकरी

मी एक जुना इअरमफ आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. दोन पिवळ्या वाट्या, त्यांना जोडणारी पट्टी आणि वाट्यांच्या कडेला मऊ गाद्या, एवढाच माझा पसारा. विमानाच्या पोटात सामान चढवणारे लोडर मला कानांवर घालतात. आकाशातल्या विमानाचा आवाज तुम्हाला गोड वाटत असेल. शेजारी उभे राहून ऐका, म्हणजे दाढा हलतात.

कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी माझ्या गाद्या दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "हा छान घट्ट बसतोय." ते एकच कौतुक मला आयुष्यभर पुरवून पुरवून खावे लागले.

मी ज्याच्या वाट्याला आलो, त्याला सगळे भोंगादादा म्हणत. इंजिन सुरू असतानाही त्याची हाक पलीकडच्या ट्रॉलीपर्यंत पोहोचायची. कामावर त्याचा भारी जीव. विमान निघाले की पायलट खिडकीतून हात हलवतो. तो हात आपल्यालाच हलवला असे धरून भोंगादादा आपले दोन्ही हात हलवायचा आणि घरी जाऊन लेकीला सांगायचा, "आज पायलटने मला टाटा केला!" लेक तेव्हा जेमतेम चालत होती. तिला ते दर वेळी नवे वाटायचे.

पुढे विमाने वाढली आणि माणसे कमी झाली. स्वतःची पाळी संपली की न आलेल्याची पाळी भोंगादादाच्या गळ्यात पडू लागली. घामाने माझ्या गाद्या कडक झाल्या, मग तडकल्या. फटींतून आवाज आत शिरू लागला. मी पहारेकरी, आणि चोर माझ्यादेखत घरात जात होते! मला तोंड असते तर मी बोंब मारली असती. नव्या गाद्या भांडारात पडून होत्या, अगदी माझ्या मापाच्या. पण भांडार उघडायचे साहेबांच्या वेळेला. तेव्हा भोंगादादा एक तर विमानाच्या पोटात वाकलेला असे, नाहीतर घरी मेल्यासारखा झोपलेला. "उद्या नक्की बदलतो," असे तो मला हातात घेऊन म्हणायचा.

हळूहळू घरीही त्याचा आवाज चढला. ज्याला स्वतःचेच बोलणे ऐकू येत नाही, तो ओरडणारच. "मीठ दे" म्हटले तरी भांडण चालले आहे असे वाटायचे. बायको म्हणायची, "अहो, हळू बोला ना. पोरगी घाबरते." तो नुसता हसून मान हलवायचा. बायकोला वाटे, याला आता आपल्या बोलण्याची किंमत उरली नाही. लेक शाळेत जाऊ लागली होती. बाबा आले की ती आतल्या खोलीत जाऊन दार लावायची. तो मला खुंटीला अडकवायचा आणि त्या बंद दाराकडे बघत एकटाच जेवायचा. ते बघून माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

एकदा ऑफिसातल्या एक बाई आमच्या विश्रांतीच्या खोलीत आल्या. त्यांनी भोंगादादाला विचारले, "कामात समाधानी आहात ना? घरच्यांना वेळ देता येतो ना?" त्याला एक अक्षर कळले नाही. पण बहिरेपण उघडे पडले तर काम जाईल, ही धास्ती मनात होतीच. तो हसला आणि म्हणाला, "हो मॅडम! एकदम!" पुढच्याच आठवड्यात त्याचा हसरा फोटो भांडाराच्या बंद दारावर लागला. खाली लिहिले होते, 'आमचा समाधानी कर्मचारी'. सोबत्यांनी त्याच्याकडे पार्टी मागितली.

मग लेकीने बाबांवर एक कविता रचली. ती शाळेत सगळ्यांसमोर म्हणायची होती. बायकोने नवऱ्याचा हात धरला आणि त्याच्या तोंडासमोर येऊन सांगितले, "या वेळी नाही आलात ना, तर पोरगी तुमच्यापासून कायमची तुटेल." सोबत्याच्या पाळ्या करून देण्याच्या बोलीवर त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळवली. कामावरून तो थेट शाळेत आला, मला गळ्यात घेऊनच, आणि पहिल्या रांगेत बसला.

लेक कविता म्हणू लागली. भोंगादादा डोळे फाडून तिच्या ओठांकडे बघत होता. मध्येच तिला पुढची ओळ आठवेना. ती थांबली. ओठ थांबले म्हणजे कविता संपली, असे त्याला वाटले. तो उभा राहिला, टाळ्या पिटू लागला आणि ओरडला, "शाब्बास!" सगळे सभागृह हसले. लेक रडत खाली उतरली.

घरी आल्यावर तिने खुंटीवरून मला ओढले आणि कानांवर घट्ट दाबून धरले. बाबांचा आवाज तिला पुन्हा ऐकायचाच नव्हता. पण माझ्या फटींतून आईचे शब्द आत गेलेच. आई रडत म्हणत होती, "त्यांना ऐकू येत नाही गं, बाळा. मलासुद्धा आज कळलं."

तिने मला काढले. भोंगादादा पाठमोरा बसून बूट घालत होता, कबूल केलेली पाळी करायला निघाला होता. ती त्याच्या मागे जाऊन हळूच म्हणाली, "बाबा." मग जरा मोठ्याने. मग रडून. त्याने मान वळवली नाही. तेव्हा मला पोटाशी धरून तिने ती कविता त्याच्या पाठीला म्हणून दाखवली. अडलेली ओळही तिला आता आठवली: 'माझ्या बाबांना पायलट टाटा करतो.'

मित्रांनो, आवाज अडवण्यासाठी माझा जन्म झाला. पण त्या घरातला सर्वांत गोड आवाज मीच पुरता ऐकला, आणि ज्याच्यासाठी तो होता तो बुटाची नाडी बांधत होता. तुमच्या घरी कुणी फार मोठ्याने बोलत असेल, तर त्याला रागीट म्हणण्याआधी एकदा त्याच्या मागे उभे राहून हाक मारून बघा. आणि आमच्यासारख्यांच्या तडकलेल्या गाद्या उद्यावर टाकू नका.

भोंगादादा उठला आणि त्याने हात पुढे केला. "दे गं ते, उशीर होतोय!" तो ओरडला. या वेळी लेक आतल्या खोलीत पळाली नाही. मला पाठीमागे लपवून ती दारात उभी राहिली.