आठव्यानंतर सातवं

साडेचारच्या एसटीला पाऊण तास उरला होता. पिशवी दाराशी तयार होती आणि गीताबाई खाटेवर मोबाइल घेऊन बसली होती. नात पल्लवीनं आजीसाठी तो जुना पिक्चर शोधून काढला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस महागात पडणार, हे तिच्या नवऱ्यानं, जयरामनं ओळखलं.

उद्या कल्याणला गीताबाईच्या काळजाचं ऑपरेशन. महिनाभर ती ऐकत नव्हती. डॉक्टर थकले, लेक संघरत्ना रडून थकली. मग एका सकाळी भाकरी थापता थापता तीच म्हणाली, "म्हशाच्या जत्रेत पायलेली ती पिक्चरमधली बाय मरून परत आली ना? तशी मी बी येन. चला."

ती बाई परत आलीच नव्हती.

तेव्हा जयराम जत्रेतल्या तंबूत पिक्चरचं मशीन चालवायचा. पिक्चर पुढच्या काळातला होता. शहर धुळीत बुडालेलं, पाणी रेशनवर, आणि एक माणूस यंत्रात बसून मागच्या काळात जातो, मेलेल्या बायकोला वाचवायला. सातव्या रिळात दोघं हसत घरी येतात, आठव्यात ती पुन्हा मरते, कायमची. मशीनच्या पुढ्यातच चटईवर गीताबाई बसलेली, सातवा महिना, आधीची दोन पोटं गेलेली. जयरामचा हात धजला नाही. त्यानं आठवं रीळ आधी लावलं, सातवं नंतर. पिक्चरच काळात मागंपुढं उड्या मारणारा, कोणाला संशयही आला नाही. संघरत्ना सुखरूप झाली आणि जयरामनं तोंड मिटलं ते मिटलंच.

आता मोबाइलवर ती दोघं हसत घरात शिरली. पिक्चर अजून उरलाच होता.

"चल गो, एसटी चुकंल," जयराम म्हणाला.

"अजून टाइम हाय. बसा."

"बॅटरी जाईल त्याची."

"बसा म्हणते ना."

तो बसला. पडद्यावरची बाई उंबऱ्यात कोसळली. नवऱ्यानं हाका मारल्या, ती उठली नाही. नावं वर सरकू लागली. जयरामला वाटलं, ही आता पिशवी उचलून आत ठेवणार, आणि दोष आपला.

गीताबाईनं चष्मा काढून पदराला पुसला.

"रिळांच्या डब्यांवर चुन्यानं नंबर कोणी घातलेले?" तिनं विचारलं.

जयरामला आठवलं. दरवर्षी तीच घालायची.

"आठ नंबरचा डबा आधी उघडलात, तवाच पायलं मी."

"मग एवढी वर्सं बोलली नायस?"

"तुमी माज्यासाठी केलंत. ते मोडायचं कशाला? आज म्हटलं, खरं काय ते बघून जावं."

मांडव घालून लग्न केलेल्या या बाईला आपण आयुष्यभर फसवत आलो, असं जयराम समजत होता.

तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला आणि पायात चपला सरकवल्या.

"एसटीत बसल्यावर तुमचं लावा," ती म्हणाली. "सातवं शेवटी."